सिग्नलच्या तारांचे म्हातारपण

येरवड्याहून बंडगार्डनचा पूल ओलांडून पुणे स्टेशनकडे गेलात, तर रुळांच्या कडेला उभी असलेली लोखंडी कपाटे तुमच्या नजरेस पडतील. रेल्वेचे लोक त्यांना ‘लोकेशन बॉक्स’ म्हणतात. सिग्नलच्या अनेक तारा त्यांत एकत्र येतात. या तारांवरील विसंवाहक आवरण जुने झाले तर काय होईल?

आधी सिग्नलची मूळ युक्ती पाहू. रुळांच्या एका तुकड्यातून क्षीण विद्युत्प्रवाह सोडतात. रूळ मोकळा असेल तर तो पलीकडच्या ‘रिले’ नावाच्या विद्युत्चुंबकापर्यंत पोहोचतो. गाडी आली की प्रवाह तिच्या चाकांतून व आसांतून परत फिरतो, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाने १८७२ साली ही योजना केली. तिची खुबी अशी की तार तुटली किंवा बॅटरी संपली, तरी दिवा लालच होतो. बिघाड झाला तर गाडी थांबावी, हे सिग्नलशास्त्राचे पहिले सूत्र.

पण आवरण खराब झाले तर? तेव्हा प्रवाह बंद पडत नाही. तो नको तेथे पोहोचतो. समजा, रिलेचा रोध १००० ओहम आहे आणि शेजारच्या तारेवर २४ व्होल्टचा दाब आहे. मधल्या आवरणाचा रोध ५० मेगओहम असेल, तर गळती अर्ध्या मायक्रोअँपिअरहूनही कमी. तोच १००० ओहमवर उतरला, तर १२ मिलिअँपिअर! इतक्याने ओढलेला रिले सुटेलच, याची खात्री नाही.

नको असलेल्या प्रवाहाने काय होते, हे लंडनच्या क्लॅपम जंक्शनजवळ १२ डिसेंबर १९८८ रोजी दिसले. तेथे १९३६ सालची सिग्नलव्यवस्था बदलण्याचे काम चालू होते. एका जुन्या तारेचे उघडे टोक तसेच राहिले. ते पुन्हा जुन्या जागी टेकले, रिलेला प्रवाह मिळाला आणि पुढे गाडी असूनही सिग्नल लाल झाला नाही. ३५ माणसे मेली. येथे आवरण झिजले नव्हते, टोक उघडे राहिले होते; पण विद्युत्प्रवाहाला दोन्ही सारखेच.

आवरण म्हातारे का होते? पीव्हीसी मुळात कडक असते. मृदुकारक द्रव्य मिसळून ते लवचीक करतात. उष्णतेने हे द्रव्य हळूहळू निघून जाते. आवरण ठिसूळ होऊन तडकते. तापमान दहा अंशांनी वाढले की ही झीज साधारण दुप्पट वेगाने होते. पुण्याच्या एप्रिलमध्ये उन्हात तापणारे बंद कपाट आठवा! मग पावसाळ्यात त्या तड्यांत ओल शिरते.

म्हणून तारांची ‘मेगर’ या उपकरणाने वेळोवेळी तपासणी करतात. ते ५०० व्होल्टसारखा मोठा दाब देऊन आवरणाचा रोध मोजते. येथे एक गंमत आहे. तार लांब केली की तांब्याचा रोध वाढतो, पण आवरणाचा घटतो. कारण गळतीच्या वाटा समांतर जोडणीत वाढत जातात. एक किलोमीटरला १०० मेगओहम, तर पाच किलोमीटरला २०.

आता एक प्रश्न. समजा, एका तारेच्या आवरणाचा रोध सलग तीन वर्षे ८०, ४० आणि १० मेगओहम भरला आणि तिन्ही आकडे चालण्याजोगे आहेत. तुम्ही ती तार ठेवाल की बदलाल? आपल्या शिक्षकांशी चर्चा करा.