गाडी ‘ऑटोमॅटिक’ आहे, पण कोणती? जुना गिअरबॉक्स ओळखायची पद्धत



आजचा धडा तिघांसाठी आहे: गॅरेजवाले, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे आणि स्पेअर पार्टचे दुकानदार. व्हिडिओत जे भरभर दाखवलं, ते इथे टप्प्याटप्प्याने मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

निमगाव केतकीसारखं गाव डोळ्यांसमोर आणा. बारामती-इंदापूर रस्ता, आजूबाजूला पानमळे, डाळिंब, ऊस. इथल्या मिस्त्रीचा हात ट्रॅक्टर, पिकअप आणि साध्या गिअरच्या गाड्यांवर बसलेला असतो. आणि एक दिवस पुण्यात वापरून झालेली एमएच-१२ ची जुनी ऑटोमॅटिक दारात उभी राहते. मालक विचारतो, “दादा, गिअरचं ऑइल बदलायचंय. किती घ्याल?”

इथे लगेच आकडा सांगितला की धंदा धोक्यात आला. कारण ‘ऑटोमॅटिक’ हे गिअरबॉक्सचं नाव नाही. ते आडनाव समजा. त्या आडनावाची चार वेगळी घरं आहेत आणि प्रत्येक घराचं ऑइल वेगळं.

चार घरं

१) टॉर्क कन्व्हर्टर: ही जुनी, पारंपरिक ऑटोमॅटिक. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच प्लेट नसते. ऑइलच्या जोरावर ताकद पुढे जाते. ऑइल एटीएफ.

२) सीव्हीटी: यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा. ऑइल खास सीव्हीटीचंच.

३) एएमटी: आतला गिअरबॉक्स साधाच, क्लच प्लेटही आहे. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओने ही पद्धत घराघरांत नेली. गिअरबॉक्सला साधं गिअर ऑइल आणि यंत्राचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं.

४) ड्युअल क्लच: दोन क्लच. एक एकी गिअरचा, दुसरा बेकी गिअरचा. फोक्सवॅगन-स्कोडामध्ये याला डीएसजी म्हणतात.

नाव एकच, गिअरबॉक्स वेगळा

आता खरी गंमत बघा. होंडा सिटी घ्या. २००३ अखेर आलेली, पुढे झेडएक्स नावाने चाललेली सिटी ऑटोमॅटिक म्हणजे सीव्हीटी. २००८ मध्ये नवीन सिटी आली, तिच्यात पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. २०१४ च्या सिटीत पुन्हा सीव्हीटी. तीन पिढ्या, तीन गिअरबॉक्स आणि कंपनीने सांगितलेली तीन वेगळी ऑइलं. बिलावर मात्र तिन्ही वेळा ‘होंडा सिटी ऑटोमॅटिक’ एवढंच लिहिलेलं असतं.

डिझायरचंही तसंच. २०१२ ची पेट्रोल ऑटोमॅटिक चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. २०१६ पासून डिझेलला आणि २०१७ च्या नव्या मॉडेलमध्ये पेट्रोललाही एएमटी आली. मारुती तिला एजीएस म्हणते.

व्हेंटोमध्ये तर पेट्रोलमध्येच दोन प्रकार. १.६ इंजिनला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, १.२ टीएसआयला सात गिअरची डीएसजी. बाहेरून बघून फरक कळत नाही.

चुकलं तर काय होतं?

सीव्हीटीत साधं एटीएफ ओतलं असं समजा. गाडी लगेच बंद पडत नाही, म्हणून धोका जास्त. पोलादी पट्टा आणि पुली यांची पकड ऑइलच्या गुणावर अवलंबून असते. ऑइल चुकीचं असेल तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात आणि पुढे अख्खा गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते. जुन्या सिटीच्या सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टर नाही, आत ऑइलमध्ये बुडालेला स्टार्ट क्लच आहे. तिथे चुकीच्या ऑइलने गाडी उठताना थरथरते.

म्हणजे मजुरी मिळणार हजार-दीड हजार आणि जबाबदारी अंगावर येणार अख्ख्या गिअरबॉक्सची. शिवाय गाव लहान. गोष्ट चहाच्या टपरीवर पोचायला संध्याकाळ लागत नाही.

ओळखायच्या पाच पायऱ्या

पायरी १: कागद. आरसीवरून मॉडेल, इंधन आणि बनावटीचा महिना-वर्ष लिहून घ्या. १७ अंकाक्षरी चेसिस नंबर आरसीवरून नाही, गाडीवरून वाचा आणि दोन्ही जुळवा. लक्षात ठेवा, त्या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात. तसं दिसलं तर ते एक किंवा शून्य आहे, नीट बघा.

पायरी २: लिव्हर. पार्किंगचा ‘पी’ आहे का? मारुतीच्या एजीएसमध्ये ‘पी’ नसतो. आर, एन, डी आणि एम असतात. ‘पी’ दिसला तर बाकी तीन घरांपैकी एक.

पायरी ३: चालवून बघा. सावकाश वेग वाढवा आणि आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवा. प्रत्येक गिअरला काटा खाली येतो का? मग गिअर आहेत. काटा एका जागी थांबून वेग वाढत राहतो का? मग सीव्हीटी. गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटून डोकं पुढे झुकतं का? एएमटीची शक्यता जास्त. ब्रेक सोडल्यावर गाडी आपोआप सरकते एवढ्यावरून मात्र निकाल देऊ नका, काही एएमटीही सरकतात.

पायरी ४: खालून बघा. गाडी रॅम्पवर घ्या. गिअरबॉक्सच्या बॉडीवर कोरलेला किंवा चिकटवलेला कोड शोधा, कापडाने पुसा, फोटो काढा. फोक्सवॅगन-स्कोडामध्ये डिकीतल्या किंवा सर्व्हिस बुकमधल्या स्टिकरवरही गिअरबॉक्सचा कोड मिळतो. अमेरिकेतले जुने मिस्त्री तर ऑइल चेंबरचे बोल्ट मोजून ओळख पटवतात. फोर्डच्या सी-४ ला ११ बोल्ट, सी-६ ला १७. पण जनरल मोटर्सच्या टीएच-३५० आणि टीएच-४०० या दोन्हींना १३! तिथे चेंबरचा आकार बघावा लागतो. धडा हाच, की एका खुणेवर विसंबू नका.

पायरी ५: पार्ट नंबर. चेसिस नंबर आणि कोडचा फोटो पार्टवाल्याला पाठवा. कंपनीच्या कॅटलॉगमधून फिल्टर, गॅस्केट आणि ऑइलचा नंबर मागवा. तुमचा अंदाज आणि कॅटलॉग जुळला, तरच नट सोडायचा.

आणखी एक. बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरीने टोचन करून आणू नका. इंजिन बंद असलं की आतला ऑइल पंपही बंद असतो. ओळख पटेपर्यंत इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते ती चाकं उचलूनच आणा.

आता धंद्याचं बोलू

तुमच्या जॉब कार्डवर आजपासून चार रकाने वाढवा: चेसिस नंबर, गिअरबॉक्सचा प्रकार, गिअरबॉक्स कोड, ऑइलचं नाव. चौथा रकाना भरल्याशिवाय दर सांगायचा नाही. गिऱ्हाईकाला सरळ सांगा, “गाडी बघून, नंबर तपासून संध्याकाळी आकडा देतो.” यात कमीपणा काही नाही. उलट ज्याने तपासलं, त्याच्यावर माणूस विश्वास टाकतो. तपासणीचे वेगळे पैसे घ्या, काम मिळालं तर बिलातून वजा करा.

गाडी विकत घेणाऱ्यांनीही हाच कागद भरावा. जुनी सिटी झेडएक्स सीव्हीटी आणि २०१० ची सिटी यांच्या गिअरबॉक्स दुरुस्तीचा खर्च एक नाही, मग खरेदीची बोली एकच कशी लावता?

आणि ओळख पटलीच नाही तर? काम सोडून द्या आणि बारामती किंवा पुण्यातल्या जाणकाराकडे पाठवा. सोडलेल्या कामात मजुरी जाते, बिघडवलेल्या कामात गिऱ्हाईक जातं.

गृहपाठ: येत्या आठवड्यात गावातल्या तीन ऑटोमॅटिक गाड्या बघा, मालकाला विचारून. पाच पायऱ्या करा, कार्ड भरा. तिसऱ्या गाडीपर्यंत हात बसतो.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत आधी ओळख, मग दर!