मीटिंगची वेळ आणि ऑफिसचे कॅलेंडर

परदेशातल्या लोकांबरोबर काम असेल तर मीटिंगची वेळ मेलच्या मजकुरात ठरवू नये. ती कॅलेंडरच्या इन्व्हाइटमध्येच ठरवावी. अमेरिका-ब्रिटनच्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या टीमना हा धडा बहुधा चुकलेल्या कॉलमधून मिळतो. तो आधीच मिळाला तर फुकटची बरीच जागरणे वाचतात.

मेलमधले वाक्य कसे फसवते, ते एका ओळीवरून कळते: ‘सर, शुक्रवारी रात्री साडेबाराला कॉल ठेवते.’ सॅन फ्रान्सिस्कोत उन्हाळ्यात दुपारचे 12 वाजतात तेव्हा भारतात रात्रीचे 12:30 झालेले असतात. लिहिणारीच्या डोक्यात वेळ अगदी बरोबर आहे. पण बोलण्यातली शुक्रवारची रात्र झोपेपर्यंत चालते आणि कॅलेंडरमधली 12 वाजता संपते. वाचणाऱ्याने ही वेळ स्वतः कॅलेंडरमध्ये भरताना शुक्रवार 00:30 निवडले, की तो एक रात्र आधीच जागत बसतो. नुसते ‘आयएसटी’ लिहूनही भागत नाही, कारण आयर्लंडची उन्हाळी वेळ आणि इस्रायलची प्रमाणवेळही याच तीन अक्षरांनी लिहितात. मेलमध्ये वेळ लिहिणे भागच असेल तर शहर, वार आणि तारीख तिन्ही द्यावीत: ‘शुक्रवार 12 जून, सॅन फ्रान्सिस्कोत दुपारी 12, शनिवार 13 जून, पुण्यात 00:30.’

इन्व्हाइटमध्ये वेळेबरोबर टाइम झोनही जातो. आउटलुकवरून गेलेला इन्व्हाइट गूगल कॅलेंडरमध्ये उघडला, तरी ज्याला त्याला आपल्या घड्याळाची वेळ दिसते. यामागे आयकॅलेंडर नावाचा सामाईक फॉरमॅट आहे. तो 1998 मध्ये ठरला आणि 2009 मध्ये सुधारला गेला.

तरीही दर आठवड्याची, म्हणजे रिकरिंग मीटिंग घात करतेच. भारतात घड्याळ वर्षभर एकच असते. अमेरिकेत 2007 पासून ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जाते. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. मीटिंगची मालिका ज्या टाइम झोनमध्ये तयार झाली, त्या झोनला बांधलेली राहते. समजा, न्यूयॉर्कच्या मॅनेजरने सकाळी 9 ची मालिका लावली. हिवाळ्यात ती लंडनमध्ये दुपारी 2 ला आणि पुण्यात संध्याकाळी 7:30 ला येते. मार्चमध्ये अमेरिकेचे घड्याळ पुढे गेले की पुण्यात ती 6:30 वर सरकते, आणि ब्रिटनचे घड्याळ बदलेपर्यंतचे दोन-तीन आठवडे लंडनमध्ये ती दुपारी 1 ला, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी पडते. पुण्यातला जो माणूस कॅलेंडर न बघता सवयीने साडेसातला लॉग-इन करतो, त्याला मीटिंग संपलेली दिसते. मालिका पुण्यातून लावली तर उलटे होते: इथले 7:30 कायम राहतात आणि न्यूयॉर्कचे 9 उन्हाळ्यात 10 होतात.

म्हणून मालिका कुणी लावायची, हे आधी बोलून घ्यावे. ज्याच्या दिवसात सर्वांत कमी लवचिकता आहे, त्याच्या टाइम झोनमध्ये ती लावणे योग्य. शाळेतून मुलांना आणायला जाणारे, शेवटच्या कंपनी बसवर अवलंबून असलेले, यांचा विचार इथे झाला पाहिजे. केवळ ग्राहक मोठा म्हणून त्याचे घड्याळ धरू नये. मार्च आणि ऑक्टोबर सुरू झाले की पुढच्या पाच आठवड्यांचे कॅलेंडर एकदा डोळ्यांखालून घालावे. आउटलुक आणि गूगल कॅलेंडर, दोन्हींत वेळेच्या पट्टीशेजारी दुसरा टाइम झोन दाखवता येतो. ती सोय लावून ठेवावी.

सुट्टीच्या नोंदीत एक बारीक खोच आहे. गौरी-गणपतीची किंवा दिवाळीची रजा बहुतेक जण ‘ऑल डे’ म्हणून टाकतात. अशी नोंद मुळात ‘फ्री’ धरली जाते. त्यामुळे शिकागोतल्या सहकाऱ्याला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही तो माणूस मोकळा दिसतो आणि मीटिंग पडते. यात त्या सहकाऱ्याचा दोष नसतो. नोंद करताना ‘आउट ऑफ ऑफिस’ किंवा ‘बिझी’ निवडावे. तीच नोंद टीमला पाठवताना मात्र ‘फ्री’ ठेवावी आणि रिमाइंडर काढून टाकावा, नाहीतर एकाच्या रजेने सगळ्यांचा दिवस अडतो.

इन्व्हाइट आला की उत्तर द्यावे. ‘टेंटेटिव्ह’ करून विसरणाऱ्यांमुळे बोलावणाऱ्याला किती माणसे येणार हे कळतच नाही. जमत नसेल तर ‘प्रपोज न्यू टाइम’ वापरून वेळ सुचवावी. त्यासाठी सगळ्यांना ‘रिप्लाय ऑल’ करून मेलची साखळी सुरू करण्याची गरज नसते. 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टमध्येच हजारो पत्ते असलेल्या एका यादीवर ‘मला यातून काढा’ अशी रिप्लाय-ऑल उत्तरे सुरू झाली आणि मेलचा इतका लोंढा उसळला की कंपनीच्या सर्व्हरना तो पेलेना.

चुकीची वेळ मेलने गेली, तर आउटलुकच्या ‘रिकॉल’वर विसंबू नये. तो आपल्याच संस्थेतल्या खात्यांपुरता चालतो, बाहेरच्या ग्राहकाकडे गेलेला मेल परत येत नाही. जीमेलमध्ये ‘अनडू सेंड’ची मुदत जास्तीत जास्त 30 सेकंद ठेवता येते, आउटलुकमध्ये प्रत्येक मेल काही मिनिटे थांबवणारा रूल लावता येतो. दोन्ही पहिल्याच दिवशी लावून घ्यावे.

मालिकेला शेवटची तारीख घालणे हे सर्वांत दुर्लक्षित काम. मीटिंग लावणारा प्रोजेक्ट सोडतो किंवा नोकरी बदलतो, तेव्हा गूगल कॅलेंडरमध्ये मालकी दुसऱ्याकडे देता येते. आउटलुकमध्ये ऑर्गनायझर सहजासहजी बदलत नाही. तिथे जाणाऱ्या माणसाने निघण्यापूर्वी आपली मालिका स्वतः रद्द करावी आणि उरलेल्यांपैकी एकाने ती नव्याने लावावी. हे राहिले तर बिनधन्याची मीटिंग सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये दर मंगळवारी वाजत राहते, आणि ती प्रत्येकाला आपापल्या कॅलेंडरमधून हाताने काढावी लागते.