जुन्या नाण्यांची ओळख व मोल : ग्रामीण शाळेसाठी एक अभ्यासपाठ

इतिहासाचा पाठ चालू असता एखादा विद्यार्थी घरच्या देव्हाऱ्यातील अथवा आजीच्या डब्यातील जुने नाणे मुठीत घेऊन येतो आणि विचारतो, "गुरुजी, याचे किती पैसे येतील?" या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने घाईने देऊ नये, तसे ते टाळूही नये. गावात शिक्षकाच्या शब्दाला वजन असते. "हे लाखाचे आहे" असे सहज बोलून गेल्यास ते घर लबाडांच्या जाळ्यात सापडते. "यात काही नाही" असे म्हटल्यास तेच नाणे दुसऱ्या दिवशी मोडीत जाते. म्हणून आधी ओळख व मग मोल हा क्रम विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे, हा प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे.

1. आपल्या परिसराचा पुरावा

नाणी ही केवळ राजधानीची गोष्ट नव्हे. नाशिकजवळील पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. ज्या नद्यांवर त्याने लोकांसाठी विनामूल्य नावांची सोय केली, त्यांत दमणा व दाहनुका ही नावे येतात. दाहनुका म्हणजे आपली डहाणूची खाडी, असे अभ्यासकांनी मानले आहे. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात 70,000 कार्षापण म्हणजे 2,000 सुवर्ण, असा हिशेब कोरलेला आहे. यावरून एका सुवर्णास 35 कार्षापण हा भाव विद्यार्थी स्वतः भागाकार करून काढू शकतील.

नहपानाची चांदीची नाणी 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सापडली. ती 13,000 हून अधिक होती व त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका राज्याचा अस्त व दुसऱ्याचा उदय त्या चिमुकल्या चांदीवर एकावर एक उमटला आहे. ही नाणी सापडताच वितळविली गेली असती, तर हा पुरावा कायमचा नाहीसा झाला असता.

2. नाणे कसे पाहावे

नाणे कडेने धरावे. त्याच्या पृष्ठभागास बोटे लावू नयेत. चिंच, राख, लिंबू किंवा भांडी घासण्याची पूड यांनी ते कदापि उजळू नये. तांब्यावर काळाने चढलेला रंग हे नाण्याचे संरक्षण होय. तो घासून काढला की अक्षरे झिजतात व संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याचे मोलही उतरते. नंतर पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून घ्यावी :

(अ) धातू कोणता? (आ) वजन व व्यास किती? (इ) दोन्ही बाजूंस कोणती चित्रे आहेत? (ई) लिपी कोणती? (उ) साल व किंमत कोणती? (ऊ) कड साधी आहे की खाचांची? (ए) टांकसाळीची खूण आहे काय?

लिपी ओळखता आली की निम्मे काम झाले. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही देवनागरी अक्षरे तांब्याच्या शिवराईवर असतात. परंतु ती दिसताच नाणे शिवकालीन ठरवू नये, कारण शिवराई पेशवाईतही पाडली जात होती.

रोमन अक्षरांचे प्रत्येक नाणे इंग्रजांचे नसते. वसई 1534 सालापासून व दमण 1559 सालापासून पोर्तुगीजांकडे होते. डहाणूही त्यांच्या अमलाखाली होते. 1739 साली मराठ्यांनी वसई जिंकली. दमण मात्र 1961 पर्यंत त्यांच्याच ताब्यात राहिले. त्यामुळे सीमेलगतच्या तलासरी-डहाणू भागात 'इंडिया पोर्तुगेझा' अथवा 'एस्तादो दा इंडिया' अशा अक्षरांचे नाणे हाती आल्यास नवल नाही. त्यांचा एक रुपिया 16 टंगांचा, म्हणजे 960 रेइसांचा असे. 1958 नंतर त्या जागी एस्कुदो आले.

भारतीय प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर सालाखाली खूण पाहावी. चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा व वाटोळा ठिपका नोएडाचा होय. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते.

3. सालाचा चकवा

नाण्यावरील साल म्हणजे ते पाडल्याचे साल, असे नेहमीच नसते. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा 1780 साली मरण पावली. तिच्या मुखवट्याचे चांदीचे नाणे तांबड्या समुद्राच्या काठच्या व्यापाऱ्यांना इतके विश्वासाचे वाटे, की 1780 हेच साल घालून ते पुढे दीडशेहून अधिक वर्षे निरनिराळ्या देशांत पाडले गेले. 1940-41 साली ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडण्यात आले. कंपनी सरकारच्या सुरती रुपयावरही मोगल बादशहा शाह आलम याचे 46 वे राज्यवर्ष कायम ठेवलेले असे.

फारसी लिपीतील नाण्यावर बहुधा हिजरी साल असते. त्यास 0.97 ने गुणून 622 मिळवावे, म्हणजे इसवी सन अदमासे येतो. 1215 हिजरी म्हणजे सुमारे इ. स. 1800-01.

4. मोल कशावर ठरते

वय हे मोलाचे एकमेव माप नव्हे. 1835 सालचा कंपनीचा पाव आणा जुना खरा, पण तो विपुल पाडला गेल्याने आजही स्वस्तात मिळतो. मोल ठरविताना चार गोष्टी पाहाव्यात : धातू, शिल्लक नाण्यांची संख्या, नाण्याची स्थिती आणि संग्राहकांची मागणी.

धातूचा हिशेब वर्गात करता येतो. इंग्रजी अमदानीतील रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा होता. 1939 पर्यंतच्या रुपयात शेकडा 91.7 चांदी असे, म्हणजे सुमारे 10.69 ग्रॅम. 1940 पासून ती शेकडा 50 वर आली, म्हणजे 5.83 ग्रॅम उरली. 1947 चा रुपया निकेलचा असून त्यात चांदी मुळीच नाही. तिन्ही रुपये सारखेच पांढरे दिसतात. फरक केवळ साल वाचणाऱ्यास कळतो. सराफ देईल ती चांदीची किंमत हा मोलाचा तळ समजावा, शेवट नव्हे.

संख्येचे उदाहरण 1911 च्या रुपयाचे आहे. पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाल्यामुळे शिल्लक साठा वितळविण्यात आला. मात्र सुमारे 7 लाख नाणी त्यापूर्वीच लोकांत गेली होती. म्हणून तो रुपया इतर वर्षांच्या रुपयाहून महाग असला, तरी अप्राप्य नाही.

नाण्याला कडी जोडून माळेत ओवल्यास संग्राहकाकडे त्याची किंमत घटते. तथापि आजीच्या गळ्यातील माळेचे मोल त्या घरासाठी वेगळे आहे. ती तोडून नाणी सुटी करण्याचा सल्ला शिक्षकाने देऊ नये.

5. सावधगिरी

राम-सीता वा हनुमान यांच्या चित्रांसह ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व 1818 सारखे साल घातलेले तुकडे बाजारात पुष्कळ फिरतात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. त्यांना तांदूळ चिकटतात वगैरे चमत्कार सांगून भोळ्या माणसांना लुबाडले जाते. तसेच "जुन्या नाण्यास लाखो रुपये देऊ, आधी शुल्क भरा" असा निरोप आल्यास एक पैसाही पाठवू नये. रिझर्व्ह बँकेच्या नावावर अशी फसवणूक होत असल्याने तिने ऑगस्ट 2021 मध्ये जनतेस सावध केले आहे. बँक असा व्यवहार करीत नाही व त्यासाठी शुल्कही घेत नाही.

नांगरताना वा पाया खणताना नाणी सापडल्यास ती वाटून घेऊ नयेत. 1878 च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. न कळविणारा आपल्या हक्कास मुकतो व शिक्षेसही पात्र होतो. शिक्षकाने असा अर्ज लिहून देणे ही मोठीच मदत होय.

6. वर्गातील उपक्रम

विद्यार्थ्यांनी घरची नाणी शाळेत जमा करावयाची नाहीत. पातळ कागद नाण्यावर ठेवून शिसपेन्सिलीने हलके घासले की दोन्ही बाजूंचा छाप उमटतो. हे छाप वहीत चिकटवून त्यांखाली वरील प्रश्नांची उत्तरे लिहावीत व नाणे त्याच दिवशी घरी परत जावे. वरच्या वर्गांनी 1 रुपया = 16 आणे = 64 पैसे = 192 पै हे कोष्टक, आणि 1 एप्रिल 1957 पासूनचे 100 नये पैसे, यांची तुलना करावी. शक्य झाल्यास नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयास सहल काढावी.

अशी एक वही शाळेत तयार झाली, म्हणजे गावात कोणती नाणी होती याची नोंद तरी राहील. मग मूठ उघडून विचारणाऱ्या मुलास गुरुजींनी म्हणावे, "किती पैसे येतील ते मागाहून पाहू. आधी याच्यावर काय लिहिले आहे ते वाच."