इंग्रजी लेखनातील ‘पण’

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असा एखादा पाठ असावा, अशी सूचना झाली. शिष्यवृत्तीसाठी इंग्रजीत अर्ज लिहिणारी मुले आणि त्यांना शिफारसपत्रे देणारी वडील मंडळी, या दोघांच्याही कामी येईल असा एक लहानसा विषय आम्ही निवडला आहे. तो म्हणजे विरोध दाखविणारे शब्द.

मराठी व्याकरणात पण, परंतु, परी, बाकी यांस न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यये म्हणतात. पहिल्या वाक्यात काही उणे आहे, ते दुसरे वाक्य दाखविते, असा या नावाचा भाव. इंग्रजीत असे शब्द पुष्कळ असून प्रत्येकाचे काम निराळे आहे. कोशातील अर्थ पाहून मुले ते अदलून-बदलून वापरतात आणि घोटाळा तेथेच होतो.

१. ऑल्दो : मराठीत ‘जरी’ आले की ‘तरी’ येते, उर्दूतही ‘अगरचे’च्या मागोमाग ‘लेकिन’ येते. इंग्रजीला ही जोडी चालत नाही. ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू केले की पुढे ‘बट’ घालू नये.

२. डिस्पाइट : याच्यापुढे नाम येते, पूर्ण वाक्य नव्हे. ‘डिस्पाइट हिज इलनेस’ हे शुद्ध. ‘ऑफ’ हवा असेल तर ‘इन स्पाइट ऑफ’ म्हणावे. ‘डिस्पाइट ऑफ’ कधीही नाही.

३. हाउएव्हर : हा शब्द ‘बट’सारखा दोन वाक्ये जोडीत नाही. ‘तथापि’ या अर्थी तो दुसऱ्या वाक्याच्या आरंभी आला, तर त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि नंतर स्वल्पविराम.

४. व्हेअरअ‍ॅज आणि ऑन द कॉन्ट्ररी : सर्वांत मोठी चूक येथे होते, कारण मराठी ‘उलट’ दोन्हींकडे चालते. थोरला भाऊ शिंपी आहे, तर धाकटा शिक्षक आहे. ही नुसती तुलना, येथे ‘व्हेअरअ‍ॅज’ हवे. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ने आधीचे म्हणणे खोडून काढावयाचे असते. ‘माझे वडील आळशी नाहीत, उलट, ते रात्रीपर्यंत राबतात.’ उर्दू जाणणाऱ्यांनी ‘बल्कि’ आठवावे. भावांच्या वाक्यात ‘ऑन द कॉन्ट्ररी’ घातले, तर कोणाचे तरी म्हणणे आपण खोडीत आहो, असे वाचणाऱ्यास वाटेल.

आता खुद्द ‘बट’कडे वळू. ‘मुलगा हुशार आहे, पण अभ्यासात अनियमित आहे’ आणि ‘मुलगा अभ्यासात अनियमित आहे, पण हुशार आहे’ यांतील माहिती एकच. तरी पहिले वाक्य वाचून अर्ज बाजूला ठेवावासा वाटेल आणि दुसरे वाचून संधी द्यावीशी वाटेल. ‘पण’नंतर जे येते त्यावर वजन पडते, हे शिफारस लिहिणाऱ्याने विसरू नये.

याहूनही नाजूक एक गोष्ट आहे. ‘पुअर बट ऑनेस्ट’ असे शब्द कित्येक प्रशस्तिपत्रांत सहज लिहिले जातात. त्यांचा अर्थ असा होतो की, गरीब माणूस सहसा प्रामाणिक नसतो, हा तेवढा अपवाद. लिहिणाऱ्याच्या मनात तसे नसते. शब्द मात्र तसे बोलून जातो. ‘मुसलमान असूनही तुमचे मराठी किती शुद्ध!’ असे आम्हांस पुष्कळदा ऐकावे लागते. बोलणाऱ्याचा हेतू प्रेमाचाच असतो. बोच आहे ती त्या ‘असूनही’त. जेथे विरोध नाही तेथे विरोधाचा शब्द घातला, की नसलेली भिंत उभी राहते.

म्हणून विद्यार्थ्यांस व वडीलधाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे. मजकूर लिहून झाला की प्रत्येक ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘ऑल्दो’खाली रेघ ओढावी आणि स्वतःस विचारावे : या दोन गोष्टींत खरोखर विरोध आहे काय? असल्यास त्यास नेमका शब्द शोधावा. नसल्यास निःसंकोचपणे ‘अँड’ लिहावे. गरीब आणि प्रामाणिक. हे इंग्रजीही शुद्ध आहे आणि न्यायही.