स्त्रियांचा व्यायाम व रोगप्रतिकारशक्ति

परीक्षा जवळ आली, कीं मुलींच्या हजेरींत एक ठराविक फरक दिसूं लागतो. गणिताचा तास चुकत नाहीं. चुकतो तो कवायतीचा. मुलगी दमते, दमली कीं पडसें धरतें, म्हणून तिला सूट मिळावी, अशा आशयाच्या चिठ्ठ्या पालकांकडून शाळेंत येतात. त्यांमागील माया आम्हांस समजते. परंतु निरोगी मुलीची अथवा स्त्रीची रोगांशीं झगडण्याची शक्ति व्यायामानें वाढते कीं घटते, हा प्रश्न केवळ मायेनें सुटणारा नव्हे. त्यासाठीं निरीक्षण व प्रयोग पाहिजेत. असे प्रयोग गेल्या कांहीं दशकांत झाले असून त्यांपैकीं कित्येक मुद्दाम स्त्रियांवरच झाले आहेत. त्यांचा परिचय विद्यार्थिनींस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, हा या पाठाचा हेतु आहे.

प्रथम रोगप्रतिकारशक्ति म्हणजे काय तें पाहूं. आपल्या रक्तांत तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशीही असतात, व शरीराच्या रक्षणाचें काम मुख्यतः त्यांचें आहे. त्यांतील कांहीं पेशी शरीरांत शिरलेल्या जंतूंना गिळून टाकतात. कांहींना ‘नैसर्गिक मारक पेशी’ असें नांव आहे. त्या विषाणूंनीं ग्रासलेल्या पेशी हुडकून त्यांचा नाश करितात. आणखी कांहीं प्रतिद्रव्यें तयार करितात, व एकदां येऊन गेलेल्या जंतूची ओळख वर्षानुवर्षें जपून ठेवितात. या सर्व पेशी सदासर्वकाळ रक्ताबरोबर वाहत असतात असें मात्र नाहीं. पुष्कळशा प्लीहेंत, फुप्फुसांत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहतात.

आपण भरभर चालूं लागलों, कीं हृदयाचे ठोके वाढतात, रक्त वेगानें वाहूं लागतें, आणि ॲड्रेनलिन नांवाचा स्राव रक्तांत उतरतो. त्यासरशीं चिकटून बसलेल्या पेशी सुटून प्रवाहांत येतात. चावडीवर बसलेल्या जागल्यांनीं उठून साऱ्या गांवाला एक फेरी घालून यावें, तसाच हा प्रकार. जोरदार व्यायामांत नैसर्गिक मारक पेशींची रक्तांतील संख्या कित्येक पटींनीं वाढते, आणि व्यायाम थांबल्यावर थोड्याच वेळांत ती पुन्हां उतरते. शिवाय काम करणारे स्नायू स्वतःही कांहीं द्रव्यें रक्तांत सोडतात, व नित्य व्यायाम करणाऱ्याच्या शरीरांतील निष्कारण दाह त्यांच्या योगें आटोक्यांत राहण्यास मदत होते.

ही झाली एका तासाची हकीकत. आतां महिनोन्‌महिने व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचा अनुभव पाहूं. अमेरिकेंतील डेव्हिड नीमन व त्यांचे सहकारी यांनीं १९९० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत किंचित् स्थूल अशा ३६ स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकीं एका गटानें १५ आठवडेपर्यंत, आठवड्यांतून पांच दिवस, दर खेपेस ४५ मिनिटें भरभर चालावयाचें, व दुसऱ्या गटानें आपला नेहमींचा क्रम चालूं ठेवावयाचा, असें ठरलें. न चालणाऱ्यांचें पडसें सरासरीनें ७ दिवस रेंगाळलें, चालणाऱ्यांचें ३.६ दिवसांत आटोपलें. चालणारीस पडसें आलेंच नाहीं असें नव्हे. आलें तें लवकर गेलें.

याच संशोधकांनीं १९९३ सालीं ६७ ते ८५ वर्षे वयाच्या स्त्रियांवरील प्रयोग पुढें मांडला. त्यांत तीन गट होते: कित्येक वर्षे नेमानें कष्टाचा व्यायाम करीत आलेल्या स्त्रिया, बारा आठवड्यांपुरतें आठवड्यांतून पांच दिवस ३० ते ४० मिनिटें चालूं लागलेल्या स्त्रिया, आणि केवळ हातपाय हलविण्याचे सौम्य प्रकार करणाऱ्या स्त्रिया. त्या मुदतींत पडसें झालेल्यांचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा ८, दुसऱ्यांत २१ व तिसऱ्यांत ५० होतें. यांतील एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बारा आठवडे चाललेल्या स्त्रियांचा दम वाढला, परंतु रक्त तपासतां त्यांच्या पांढऱ्या पेशींच्या कार्यशक्तींत सुधारणा आढळली नाहीं. वर्षानुवर्षें व्यायाम केलेल्यांच्या पेशी मात्र इतरांहून स्पष्टपणें अधिक कार्यक्षम होत्या.

असाच बोध २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेंतील सिॲटल शहराच्या परिसरांतील एका प्रयोगानें होतो. बैठ्या संवयीच्या ११५ रजोनिवृत्त स्त्रियांस दोन गटांत विभागून एका गटाकडून वर्षभर मध्यम व्यायाम करून घेतला, व दुसऱ्याकडून अंग ताणण्याचे हलके प्रकार. दोहोंतील अंतर महिन्यागणिक वाढत गेलें. शेवटच्या तीन महिन्यांत हलके प्रकार करणाऱ्यांस पडसें होण्याचा संभव व्यायाम करणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक झाला. झाड लावल्याबरोबर सावली मिळत नाहीं, तसेंच हेंही आहे.

स्त्रियांविषयींचा आणखी एक अनुभव इंग्लंडांतील बर्मिंगहॅम विद्यापीठांत आला. २००६ सालच्या त्या प्रयोगांत फ्लूची लस टोचण्याच्या थोडें आधीं कांहीं जणांकडून सायकलचा व्यायाम करून घेतला. ज्या स्त्रियांनीं तो केला, त्यांच्या रक्तांत लसींतील एका जातीच्या विषाणूविरुद्ध अधिक प्रतिद्रव्यें तयार झालीं. पुरुषांत असा फरक दिसला नाहीं.

येथें पालक विचारतील, ‘मग अति दमल्यानें आजार येतो, हें खोटें काय?’ ही शंका निराधार नाहीं. १९८७ सालच्या लॉस एंजेलिस येथील मॅरेथॉन शर्यतींत, म्हणजे २६ मैलांहून अधिक धांवल्यानंतर, पुढील आठवड्यांत शेंकडा १२.९ स्पर्धकांनीं आजारी पडल्याचें सांगितलें. तयारी करूनही न धांवलेल्यांत हें प्रमाण २.२ होतें. अति श्रमानंतर रक्तांतील कांहीं प्रकारच्या पांढऱ्या पेशी कांहीं तास कमी होतात, त्यावरून शरीराचें दार उघडें पडतें, असें मत पुष्कळ वर्षे प्रचलित होतें. २०१८ सालीं बाथ विद्यापीठांतील जॉन कॅम्पबेल व जेम्स टर्नर यांनीं या मताचा फेरविचार केला. त्यांचें म्हणणें असें, कीं त्या पेशी नष्ट होत नाहींत, तर रक्तांतून निघून फुप्फुसें, आंतडीं इत्यादि ठिकाणीं पहाऱ्यास जातात. आणि शर्यतीनंतरच्या आजारास गर्दी, प्रवास, जागरण व अपुरा आहार हींच कारणें असण्याचा संभव अधिक. हा वाद कांहींही असो, शाळेंतील अर्ध्या-पाऊण तासाची कवायत म्हणजे मॅरेथॉन नव्हे, एवढें उघड आहे.

मुलींच्या बाबतींत खरें भय श्रमाचें नसून उपाशीं पोटीं केलेल्या श्रमाचें आहे. आहार कमी व श्रम अधिक अशी स्थिति फार काळ राहिली, तर मासिक धर्म अनियमित होतो, हाडें ठिसूळ होतात, आणि रोगप्रतिकारशक्तिही क्षीण होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं या स्थितीस स्वतंत्र नांव देऊन सर्वांस सावध केलें. आपल्या देशांत २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ रक्तक्षयानें पीडित आढळल्या. महाराष्ट्रांत हें प्रमाण ५४ होतें. रक्षक पेशींनाही लोहाची गरज असते. म्हणून जी मुलगी थोड्या श्रमानेंच थकते, तिला घरीं बसवून ठेवण्यापूर्वीं तिचें रक्त तपासून घ्यावें, आणि तिच्या ताटांत पालेभाजी, कडधान्यें, नाचणी व आंवळा-लिंबू आहे कीं नाहीं तें पाहावें.

या सर्वांचा सारांश असा:

१. मुलामुलींनीं रोज सरासरी एक तास, आणि प्रौढांनीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम व्यायाम करावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. भरभर चालणें, दोरीवरील उड्या, खोखो, फुगडी, सायकल, हें सर्व यांत येतें.

२. वर्षांतून एक दिवस धांवून उरलेले दिवस बसून राहण्यापेक्षां रोजचें थोडें चालणें श्रेष्ठ. परीक्षेच्या महिन्यांत तें बंद पाडूं नये.

३. ताप, अंगदुखी अथवा छातींत खोकला असतां विश्रांतीच घ्यावी. मासिक धर्माच्या दिवसांत बरें वाटत असल्यास निरोगी मुलीस व्यायाम वर्ज्य नाहीं.

४. व्यायामाबरोबर पोटभर अन्न व पुरेशी झोंप हवीच.

शेवटीं माताभगिनींस एक विनंति. वर सांगितलेल्या प्रयोगांतील बहुतेक स्त्रिया शाळकरी मुली नव्हत्या. कित्येक तर आजी होण्याच्या वयाच्या होत्या. तेव्हां हा पाठ मुलीच्या वहींत राहूं न देतां, सायंकाळीं तिच्याबरोबर आपणही अर्धा तास बाहेर पडावें. आईनें लावून घेतलेली संवय मुलीस शिकवावी लागत नाहीं.