उद्याच्या मालासाठी आजचे दुकान किती पणाला लावावे?

विजेच्या मोटारीच्या कारखानदारीतून व्यापारी व कारागिरांसाठी एक धडा

१५ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकन कंपनीने भारतातील आपले पहिले दालन उघडले. विजेवर चालणाऱ्या ‘मॉडेल वाय’ या मोटारीची किंमत सुमारे ६० लाख रुपयांपासून पुढे ठेवण्यात आली. गाडीने स्वतःहून चालावे अशी सोय हवी असेल तर तिचे आणखी ६ लाख रुपये सांगितले गेले. ही सोय त्या वेळी भारतात सुरू झालेली नव्हती. ती पुढे मिळेल, एवढा वायदा होता.

विजापूर वेशीतील कापडाचा व्यापारी किंवा अक्कलकोट रोडवरचा यंत्रमागधारक म्हणेल, या साठ लाखांच्या गाडीशी आमचा काय संबंध? गाडी घेण्याचा संबंध नसेलही. पण ही गाडी बनवणाऱ्याला जे निर्णय घ्यावे लागले, तेच निर्णय बारा माग चालवणाऱ्यालाही लहान प्रमाणात घ्यावे लागतात. चालू माल सोडून नव्या मालात किती पैसा घालावा? ग्राहकाकडून आगाऊ रक्कम कशाच्या भरवशावर घ्यावी? काय स्वतः करावे आणि काय बाहेरून घ्यावे? म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

दोन धंदे, एक गल्ला

विजेची गाडी बनवून शिवाय ती आपोआप चालावी म्हणून झटणारी कंपनी खरे पाहता दोन धंदे करत असते. पहिला धंदा गाडीचा. त्यात प्रत्येक नगाला लोखंड, बॅटरी, मजुरी लागते, नफा थोडा असतो, पण पैसा रोज येतो. दुसरा धंदा गाडीच्या ‘मेंदू’चा, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमचा. त्यात वर्षानुवर्षे नुसता खर्च असतो. मात्र एकदा तो जमला की लाखो गाड्यांना विकता येतो आणि दर नगामागे नवा खर्च फारसा येत नाही. पहिला धंदा दुसऱ्याला पोसतो. पोसणाऱ्याच्या ताटातून किती काढायचे, हा खरा प्रश्न आहे.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी. आपोआप चालण्याच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या जगभर मानल्या जातात. दुसऱ्या पायरीवर गाडी स्वतः वेग सांभाळते, पट्ट्यात राहते, ब्रेक लावते, पण लक्ष चालकानेच ठेवायचे आणि जबाबदारीही त्याचीच. चौथ्या पायरीवर ठरलेल्या भागात चालकाची गरज उरत नाही. ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या फार तर दुसऱ्या पायरीवर आहेत. दुसरीवरून चौथीवर जाणे म्हणजे सायकलवाल्याने रेल्वे चालवण्याइतका फरक आहे.

पहिला निर्णय : स्वतः बनवावे की विकत घ्यावे?

टेस्ला सुरुवातीला ‘मोबिलआय’ या बाहेरच्या कंपनीची चिप वापरत असे. २०१६ साली दोघांचे फाटले. २०१९ मध्ये टेस्लाने स्वतःची चिप गाडीत बसवली. खर्च अफाट झाला, पण किल्ली आपल्या हाती आली.

आपल्या महाराष्ट्रात चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांपुढे आल्या. महिंद्राने गाडीचा सांगाडा व घडण स्वतःची ठेवली, चालकाला मदत करणारी चिप मात्र मोबिलआयची घेतली. टाटांनी जानेवारी २०२० मध्ये विजेची ‘नेक्सॉन’ आणली ती पेट्रोल-डिझेलवर आधीच चालत असलेल्या नेक्सॉनच्याच सांगाड्यावर. नवा साचा उभारण्याचा खर्च वाचला आणि गाडी सर्वसाधारण ग्राहकाच्या आवाक्यात ठेवता आली.

तिघांचे मार्ग वेगळे असले तरी हिशोबाची रीत एक आहे. ज्या गोष्टीमुळे गिऱ्हाईक आपल्याकडे येते, ती आपल्या हाती ठेवावी. बाकीची बाजारातून घ्यावी. सोलापूरचा चादरवाला सुतासाठी सूतगिरणी काढत नाही, पण नक्षी आणि विणीचा घट्टपणा दुसऱ्यावर सोपवत नाही.

दुसरा निर्णय : स्वस्त डोळे की महाग डोळे?

आपोआप चालणाऱ्या गाडीला रस्ता दिसावा लागतो. त्यासाठी कॅमेरा आहे, रडार आहे, आणि लेसर किरण सोडून अंतर मोजणारे ‘लायडार’ नावाचे यंत्र आहे. लायडार अचूक, पण पूर्वी फार महाग होते. टेस्लाने ते घेतलेच नाही. २०२१ पासून तिने गाड्यांतून रडारही काढायला सुरुवात केली आणि केवळ कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवली. तिचे म्हणणे असे की माणूसही डोळ्यांनी पाहूनच गाडी चालवतो. शिवाय यंत्र स्वस्त राहिले तर लाखो गाड्यांत बसवता येईल, आणि तेवढ्या गाड्यांच्या अनुभवातून प्रोग्रॅम शिकत जाईल.

गूगलच्या घरातून निघालेल्या ‘वेमो’ने उलटा रस्ता धरला. हे काम २००९ साली सुरू झाले. वेमो स्वतः गाडी बनवत नाही. दुसऱ्याची गाडी घेऊन तिच्यावर कॅमेरे, रडार आणि लायडार सगळे बसवते. एक गाडी महाग पडते, गाड्या थोड्या राहतात. पण २०२० पासून अमेरिकेतील फिनिक्स शहरात तिने चालकाविना टॅक्सी सर्वसाधारण प्रवाशांसाठी खुली केली. टेस्लाची टॅक्सी २२ जून २०२५ रोजी ऑस्टिन शहरात सुरू झाली, तीही कंपनीचा माणूस शेजारच्या आसनावर लक्ष ठेवायला बसवून.

दरम्यान चीनमध्ये लायडारची किंमत घसरत गेली. म्हणजे ज्या महागाईला घाबरून एक रस्ता सोडला, ती महागाईच कमी झाली. काटकसर करताना आजचा भाव पाहावा, तसा पाच वर्षांनंतरचा भावही अंदाजावा. आणि जिवाच्या सुरक्षिततेशी ज्या भागाचा संबंध आहे, तेथील काटकसर शंभर वेळा तपासावी.

तिसरा निर्णय : वायदा किती विकावा?

ऑक्टोबर २०१६ मध्ये टेस्लाने जाहीर केले की यापुढे प्रत्येक गाडीत पूर्णपणे स्वतः चालण्यास लागणारी सामग्री बसवलेली असेल. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी पुढच्या वर्षी दहा लाखांहून अधिक गाड्या टॅक्सी म्हणून आपोआप धावू शकतील असे सांगितले. तसे घडले नाही. तरी या सोयीची किंमत वाढत गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत ती १५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे १२ लाख रुपये झाली. एप्रिल २०२४ मध्ये ती ८ हजार डॉलरवर आणावी लागली. ज्यांनी महाग घेतले त्यांचे काय? शिवाय २०१९ नंतरच्या काही वर्षांच्या गाड्यांतील संगणक या कामाला अपुरा असून, ज्यांनी पैसे मोजले त्यांना तो बदलून द्यावा लागेल, हे मस्क यांनीच जानेवारी २०२५ मध्ये मान्य केले.

भुर्दंड येथेच थांबला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत चालकाचे लक्ष नीट राखले जात नाही या कारणावरून २० लाखांहून अधिक गाड्यांच्या प्रोग्रॅममध्ये कंपनीला दुरुस्ती करून द्यावी लागली. २०१९ साली फ्लोरिडात झालेल्या एका जीवघेण्या अपघाताच्या दाव्यात ऑगस्ट २०२५ मध्ये ज्यूरीने चालकाबरोबर कंपनीलाही अंशतः जबाबदार धरले आणि सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर भरपाई व दंड लावला. कंपनीने त्याविरुद्ध दाद मागण्याचे जाहीर केले.

लग्नसराईच्या आधी चादरींचा विसार घेणारा प्रत्येक दुकानदार हे जाणतो की विसार म्हणजे कमाई नव्हे. माल पोचेपर्यंत ते गिऱ्हाइकाचे आपल्यावरचे देणे आहे. मोठी कंपनी असा पैसा वहीत अंशतः पुढच्या खात्यावर ठेवते, कारण हिशोबाचा नियमच तसा आहे. लहान धंद्यात मात्र विसार आला की तो घरखर्चात जातो. तेथून पत बुडायला सुरुवात होते.

चौथा निर्णय : स्वस्त गाडी की चालकाविना टॅक्सी?

बाजाराला टेस्लाकडून सुमारे २५ हजार डॉलरच्या स्वस्त गाडीची अपेक्षा होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मस्क यांनी सांगितले की चालकाने चालवायची तसली साधी गाडी काढण्यात अर्थ नाही. त्याच महिन्यात त्यांनी सुकाणूचक्रच नसलेली टॅक्सी लोकांना दाखवली. म्हणजे चालू गिऱ्हाईक मागत होते तो माल बाजूला ठेवून भविष्यातल्या मालावर जोर दिला.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२३ मध्ये टेस्लाने सुमारे १८ लाख ९ हजार गाड्या ग्राहकांना दिल्या. २०२५ मध्ये ही संख्या सुमारे १६ लाख ३६ हजारांवर आली. त्याच वर्षी चीनच्या ‘बीवायडी’ने विजेच्या २२ लाखांहून अधिक मोटारी विकून तिला मागे टाकले. या बीवायडीने फेब्रुवारी २०२५ मध्ये चालकाला मदत करणारी यंत्रणा आपल्या जवळजवळ सर्व मॉडेलांत, अगदी स्वस्त गाडीतही, वेगळे पैसे न घेता देण्याचे जाहीर केले. एकाने जे लाखोंना विकायचे ठरवले, ते दुसऱ्याने गाडीबरोबर देऊन टाकले. घसरणीला जुनी झालेली मॉडेले आणि मस्क यांच्या राजकारणावरची नाराजी अशी इतर कारणेही आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. शेअरबाजाराने उद्याच्या आशेवर कंपनीची किंमत चढी ठेवली, हेही खरे. पण ही चैन शेअरबाजारात असलेल्याला परवडते. आपल्या पतपेढीचा हप्ता आशेवर भरता येत नाही.

थांबणेही निर्णयच आहे

जनरल मोटर्सने २०१६ साली ‘क्रूझ’ ही कंपनी विकत घेऊन चालकाविना टॅक्सीवर एक हजार कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिच्या गाडीने एका पादचारी महिलेला फरफटत नेले आणि परवाना गेला. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने हा टॅक्सीचा धंदा सोडला. फोर्ड व फोक्सवॅगन यांनी ‘आर्गो’ हे आपले काम २०२२ मध्ये बंद केले, ॲपलने मोटारीचा बेत २०२४ मध्ये सोडला. एवढे गमावूनही या कंपन्या उभ्या राहिल्या, कारण मूळ धंदा त्यांनी पणाला लावला नव्हता.

सोलापूरचे उदाहरण

दूर कशाला जायचे? १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापूरचीच. इंजिनातील झडपा वेळेवर उघडझाप करणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. तो येथे घडतो आणि देशोदेशीच्या मोटारींत जातो. विजेच्या मोटारीत इंजिनच नाही, मग झडपाही नाहीत आणि कॅमशाफ्टही नाही. ज्यावर पोट भरते तोच भाग उद्या लागणार नसेल तर काय करावे?

कंपनीने २०१६ साली शेअरबाजारातून भांडवल उभे केले. २०१७ मध्ये नाशिकच्या मेम्को या यंत्रभाग बनवणाऱ्या कंपनीत आणि २०१८ मध्ये जर्मनीतील एमएफटी व हॉलंडमधील एमॉस या कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घेतला. एमॉस ट्रक व बसना वीज-यंत्रणा बसवणारी. अशा खरेदीत जोखीम असतेच. परदेशातला कारखाना सोलापुरातून सांभाळणे सोपे नाही. पण रीत पाहण्यासारखी आहे: कॅमशाफ्टच्या भट्ट्या चालू ठेवायच्या आणि त्या चालू असतानाच दुसरे हुन्नर शोधायचे.

आपल्या कारागिरांनी काय घ्यावे

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे गॅरेज, वेल्डिंग, वायरिंग, रिक्षा आणि टेम्पो यांवर जगतात. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. वीज आलेली आहे; विजेच्या स्कूटर आणि तीनचाकी रस्त्यावर आहेत. चालक नसलेली गाडी मात्र आपल्याकडे लांब आहे. बैलगाडी, म्हैस, दुचाकी आणि पादचारी एकाच रस्त्यावर असताना ती चालणे कठीण. शिवाय चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून तिला भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले होते. तेव्हा टेम्पोचालकाने आज घाबरू नये. पण कार्बोरेटर आणि पिस्टनवर हात बसलेल्या मिस्त्रीने मुलाला बॅटरी, मोटर आणि कंट्रोलरचे काम शिकायला घालावे. आयटीआयमध्ये चौकशी करावी. जुने गॅरेज बंद करू नये. त्याच्या एका कोपऱ्यात नवे काम मांडावे.

यंत्रमागधारकालाही हेच लागू. समजा, चोवीस साधे माग आहेत आणि नवे वेगवान माग घ्यायचे आहेत. सगळे मोडून कर्ज काढण्याऐवजी आधी चार बदलावेत. त्यांच्या मालाला गिऱ्हाईक व वेळेवर पैसा मिळतो का, हे दोन हंगाम पाहावे. मग पुढचे चार.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या धंद्यातील कोणत्या गोष्टीमुळे गिऱ्हाईक येते? ती आपल्याच हाती आहे का?
२. चालू मालाचा पैसा थांबवून आपण नव्या कामात किती घालत आहोत? ते सर्व बुडाले तर दुकान किती महिने चालेल?
३. घेतलेला विसार आज परत मागितला तर देता येईल का?
४. नवे काम जमत नसेल तर कोणत्या तारखेला थांबायचे, हे आधी ठरवले आहे का?

या चार प्रश्नांची उत्तरे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावीत आणि दर सहा महिन्यांनी भागीदारांसह बसून तपासावीत.