वीज कंपनीला आपली वीजबचत खरोखरच हवी असते काय?

वीजबिलाच्या मागच्या बाजूला किंवा वीज कार्यालयाच्या भिंतीवर ‘वीज वाचवा’ हे वाक्य आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. धाराशिवच्या बाजारपेठेतील दुकानदार असो, परंड्याचा सुतार असो की नळदुर्गचा शिंपी, प्रत्येकाच्या मनात एक साधा प्रश्न येतो. कापडवाला ‘कापड कमी घ्या’ असे कधी म्हणत नाही, किराणावाला ‘साखर कमी खा’ असे सांगत नाही. मग वीज विकणारी कंपनीच ‘वीज कमी वापरा’ का म्हणते? हा उपदेश मनापासूनचा आहे की वरवरचा? व्यापाऱ्याच्या नजरेने हिशोब मांडला तर याचे उत्तर सापडते आणि त्यातून आपल्या फायद्याच्या दोन-चार गोष्टीही हाती लागतात.

प्रथम कंपनीचा धंदा समजून घेऊ. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे 2005 साली विभाजन झाले. निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. आपल्याला बिल पाठविणारी महावितरण ही वितरण कंपनी आहे. ती वीज विकत घेते आणि आपल्याला विकते. तिचे दर मात्र ती स्वतः ठरवीत नाही. ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो.

हे दर सर्वांना सारखे नाहीत. दुकानाचा दर चढा, कारखान्याचा त्याखालोखाल आणि शेतीपंपाचा सर्वांत कमी. आता केवळ हिशोबासाठी काही आकडे धरू. समजा, कंपनीला एक युनिट 5 रुपयांना पडते. ते दुकानदाराला 12 रुपयांना आणि शेतीपंपाला 2 रुपयांना विकले जाते. दुकानदाराने एक युनिट वाचविले तर कंपनीचे 7 रुपये बुडाले. पंपाचे एक युनिट वाचले तर कंपनीचे 3 रुपये वाचले. म्हणजे उपदेश एकच असला तरी कोणी वाचविले यावर कंपनीचा नफा-तोटा अवलंबून आहे.

दुसरी बाजू खरेदीची. वीज खरेदीच्या दीर्घ मुदतीच्या करारांत वीज उचलो वा न उचलो, प्रकल्पाचा स्थिर खर्च द्यावाच लागतो. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाने हा धडा महाराष्ट्राला फार महाग शिकविला. 1999 साली त्याचा 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. महाग वीज घेणे मंडळाला परवडेना आणि न घेतली तरी स्थिर आकार चुकेना. अखेर 2001 साली प्रकल्प बंद पडला. अशा करारात बांधलेल्या कंपनीला ग्राहकाने वाचविलेल्या प्रत्येक युनिटातून पूर्ण बचत होत नाही. दुकान भाड्याने घेतले की गिऱ्हाईक येवो न येवो, भाडे द्यावेच लागते, तसाच हा प्रकार आहे.

मग कंपनीला बचत कधीच नको असते काय? तसेही नाही. 2005 नंतरची काही वर्षे आठवा. मराठवाड्यात तासन्‌तास भारनियमन होते. वीज अपुरी होती आणि संध्याकाळी मागणी सर्वांत जास्त. अशा वेळी कंपनीला बाहेरून अतिशय महाग वीज घ्यावी लागे. तेव्हा बचतीची हाक खरी होती. त्याच काळात अक्षय प्रकाश योजना आली. गावाने संध्याकाळी शेतीपंप, गिरण्या व जड यंत्रे बंद ठेवायची, आकडे काढून टाकायचे आणि त्या बदल्यात घरच्या दिवाबत्तीला अखंड वीज मिळवायची, असा तो व्यवहार होता. जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतील एलईडी बल्बांनीही मुख्यतः संध्याकाळच्या मागणीचाच भार हलका केला.

टंचाई सरली की सूर बदलतो, आणि हे दरपत्रकातच दिसते. घरगुती ग्राहकाला 100, 300 व 500 युनिटांचे टप्पे आहेत. जास्त वापरा, जास्त दर द्या. हा बचतीचा इशारा झाला. उलट उच्चदाब उद्योगाला भारांक 75 टक्क्यांच्या वर नेल्यास बिलात सूट मिळते. मंजूर क्षमतेच्या मानाने वीज अधिक व सतत वापरा, असाच त्याचा अर्थ. जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतील वापरावर सवलत जाहीर झाली, कारण दिवसा सौर वीज मुबलक असते. शेतीत तर 2024 पासून 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारने वीज मोफत केली. बटण बंद करण्याचे शेतकऱ्याला आर्थिक कारणच उरले नाही.

यावर उपाय नाही असे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 1982 साली वीज कंपन्यांचे उत्पन्न विक्रीपासून वेगळे केले. कंपनीला किती महसूल मिळावा हे नियामकाने आधी ठरवायचे. विक्री कमी झाली तर तूट पुढील दरात भरून द्यायची, जास्त झाली तर ग्राहकाला परत करायची. त्यामुळे ग्राहकाच्या बचतीशी कंपनीचे वैर उरले नाही. आपल्याकडेही आयोग मागील वर्षांच्या जमाखर्चाचा मेळ घालून तूट पुढील दरात धरतो. 2010 साली आयोगाने मागणी व्यवस्थापनाचे विनियमही केले. पण याची दुसरी बाजू ग्राहकाने ओळखावी. सर्वांनीच बचत केली तर तूट कधी दरात, कधी स्थिर आकारात आपल्याकडेच परत येऊ शकते. म्हणून बचत आपल्या हिशोबाने करावी, कंपनीच्या पाटीकडे पाहून नव्हे.

आता कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, बिल नीट वाचा. वीज आकार, वहन आकार व इंधन समायोजन आकार हे युनिटांवर चालतात, ते बचतीने कमी होतात. लहान ग्राहकाचा स्थिर आकार मात्र युनिट वाचवून कमी होत नाही.

दुसरी गोष्ट, आपला वर्ग तपासा. आयोगाच्या 2020 च्या दर आदेशात पिठाची गिरणी, लाकूड कापण्याची गिरणी, छापखाना व अभियांत्रिकी वर्कशॉप हे लघुदाब उद्योगात मोडतात. शिलाईचे दुकान, केशकर्तनालय, लाँड्री व वाहन दुरुस्ती हे वाणिज्यिक वर्गात येतात. कारखान्याचे काम करूनही दुकानाच्या दराने बिल येत असेल तर तो तोटा कितीही दिवे बंद करून भरून निघणार नाही. लेखी अर्ज द्या. दाद न मिळाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच व त्यानंतर विद्युत लोकपाल हे मार्ग आहेत.

तिसरी गोष्ट घरी काम करणाऱ्या कारागिरांसाठी. त्याच आदेशानुसार घराच्या एका भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला 300 व मागील आर्थिक वर्षात 3600 युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. रमजान ईदपूर्वी शिंप्याचे मशीन रात्री उशिरापर्यंत चालते, तेव्हाच ही रेषा ओलांडण्याचा धोका असतो. 75 वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी सुमारे 30 वॅटचा पंखा रोज 12 तास चालला तर महिन्याला 16.2 युनिट वाचतात. शिलाई मशीनची जुनी क्लच मोटर कापड लावत असतानाही फिरत राहते. सर्व्हो मोटर पाय उचलताच थांबते.

चौथी गोष्ट, 20 किलोवॅटच्या वर मंजूर भार असलेल्यांनी कपॅसिटर चालू स्थितीत आहेत की नाही हे पाहावे. एप्रिल 2020 पासून त्यांची आकारणी केव्हीएएच पद्धतीने होते, त्यामुळे पॉवर फॅक्टर घसरला की न वापरलेल्या विजेचेही पैसे जातात. दर आदेश बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू आदेश अवश्य पाहावा.

सारांश असा की, टंचाईत कंपनीला बचत हवी असते, मुबलकतेत चढ्या दराचा ग्राहक हवा असतो आणि वापराची वेळ बदललेली तिला केव्हाही चालते. तिचा हिशोब तिच्यापाशी. आपण वाचविलेल्या युनिटाचे पैसे मात्र त्याच महिन्यात आपल्या गल्ल्यात राहतात.